थोर बेसवादक कोण? वाद घालण्याआधी कान कसा लावावा

अमेरिकेच्या दोन बेस गिटारवादकांपैकी जेम्स जेमरसन मोठा की जॅको पास्टोरियस, हा वाद रंगतो खूप, पण पुढे सरकत नाही. वाद घालणाऱ्यांच्या मनातले प्रश्नच वेगळे असतात. एक जण विचारत असतो, गाण्याला आधार कोणी जास्त चांगला दिला. दुसरा विचारत असतो, या वाद्यातून आधी कोणीच न काढलेलं काय काढून दाखवलं. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात.

बेस गिटार हे मुळात सोबतीचं वाद्य. १९५१ साली लिओ फेंडर यांनी प्रिसिजन बेस आणला तो डबल बेसचं काम उचलायला आणि न्यायला सोप्या, मोठ्या आवाजाच्या वाद्यावर व्हावं म्हणून. फ्रेटमुळे, म्हणजे वाद्याच्या गळ्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांमुळे, स्वर अचूक लागतो, म्हणून नाव प्रिसिजन. वाद्य बदललं तरी काम तेच राहिलं, लय आणि कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) एकमेकांना बांधून ठेवण्याचं. त्यामुळे बेसवादकाचा मोठेपणा त्याच्या एकट्याच्या ट्रॅकमध्ये शोधू नका. त्याच्या वाजवण्याने ड्रमरचं, गायकाचं आणि कीबोर्डवाल्याचं काय होतं ते ऐका. खालची सगळी पद्धत याच समजुतीवर उभी आहे.

प्रश्न आधी कागदावर लिहा

"सर्वात थोर" हा शब्द सोडा आणि यापैकी एकच प्रश्न निवडा: गाण्याची सोबत कोण उत्तम करतो? वाद्याची भाषा कोणी वाढवली? किंवा, आपल्या बँडला आत्ता कोण हवं? पहिल्या प्रश्नात जेमरसन आणि स्टॅक्स या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीच्या ध्वनिमुद्रणांतले डोनाल्ड 'डक' डन पुढे येतील. दुसऱ्यात जॅको आणि लॅरी ग्रॅहम. तिसऱ्यात कदाचित तुमच्याच गावातला एखादा शांत मुलगा. प्रश्न न ठरवता बसलात तर अर्ध्या तासात आवडीनिवडी सांगणं सुरू होतं आणि कान बाजूला राहतो.

मग प्रत्येकाने आपल्या पसंतीच्या वादकाची तीन ध्वनिमुद्रणं आणावीत: एक संथ, एक मध्यम लयीचं आणि एक गायकाच्या साथीचं. सोलो आणायचा नाही. सोलोचा विचार दुसऱ्या प्रश्नात वेगळा करता येतो, पण पहिल्या प्रश्नात तो घुसला की बाकी सगळं ऐकू येईनासं होतं.

ऐकायची व्यवस्था

चार तारांच्या बेसची सर्वात जाड ई तार मोकळी छेडली की ४१.२ हर्ट्झचा स्वर येतो. पुढच्या तारा ५५, ७३.४ आणि ९८ हर्ट्झच्या. पाच तारांच्या बेसवरची बी तार ३०.९ हर्ट्झवर उतरते. मोबाइलचा इवलासा स्पीकर यातला मूळ स्वर जवळजवळ देतच नाही. तुम्हाला ऐकू येतात ते वरचे उपस्वर, आणि त्यावरून मेंदू खालचा स्वर स्वतः भरून काढतो. सुरावट अशी ओळखू येते, पण स्वर किती वेळ टिकला आणि किती जाड होता हे कळत नाही. म्हणजे नेमकं जे तपासायचं तेच गळून जातं. कान पूर्ण झाकणारे वायरवाले हेडफोन घ्या आणि फोनमधला 'बेस बूस्ट' बंद करा.

स्पीकरवर ऐकणार असाल तर खोलीची लांबी-रुंदी मोजा. साडेतीन मीटर अंतराच्या समोरासमोरच्या भिंतींमध्ये सुमारे ४९ हर्ट्झचा स्वर घुमतो, आणि ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा 'जी' हा स्वर नेमका ४९ हर्ट्झचा आहे. तो एकच स्वर ढबढब वाजतो आणि ऐकणारा म्हणतो, "याचा हात सारखा नाही." दोष खोलीचा असतो. खुर्ची भिंतीपासून आणि कोपऱ्यापासून लांब घ्या, आणि शंका आली तर तोच तुकडा खोलीत दोन-तीन ठिकाणी उभं राहून ऐका.

आवाजाची पातळी सगळ्या ध्वनिमुद्रणांना सारखी ठेवा. हळू आवाजात कानाला खर्ज कमी ऐकू येतो, त्यामुळे किंचित मोठ्या आवाजात लावलेला वादक फुकट जिंकतो. जमलं तर एकाने नावं लपवून गाणी लावावीत आणि त्या फेरीत त्याने स्वतः तोंड उघडू नये.

पहिली फेरी: किक आणि बेस

किक ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि बेस साधारण एकाच खालच्या पट्ट्यात बोलतात, म्हणून नवख्या कानाला ते एकच वाटतात. किकवर आदळणाऱ्या बीटरचा 'टक' मात्र बराच वर, दोन ते चार किलोहर्ट्झच्या आसपास असतो. आधी तो टक पकडा. मग त्याच्या मागे-पुढे बेस कुठे पडतो ते पाहा.

१०० च्या लयीत, म्हणजे मिनिटाला १०० मात्रा असताना, एक मात्रा ६०० मिलिसेकंदांची असते आणि तिचा चौथा हिस्सा १५० चा. बेस किकच्या मागे वीस मिलिसेकंद पडला तर कुणाला तो चुकला असं वाटत नाही, पण गाणं आरामात, मागे रेलून चाललंय असं वाटतं. डी'अँजेलो यांच्या २००० सालच्या 'व्हूडू' अल्बममध्ये पीनो पॅलाडिनो यांचा बेस ड्रमच्या इतका मागे रेलतो की पहिल्यांदा ऐकणारा दचकतो. तिथे बघायचं ते सातत्य. मागे राहायचं असेल तर प्रत्येक आवर्तनात तितकंच मागे राहिलं पाहिजे. कधी वीस, कधी पाच, कधी दहा पुढे, असं झालं तर तो सरळ लयदोष आहे, त्याला 'फील' म्हणू नये.

बेस किकला चिकटलाच पाहिजे असा मात्र नियम नाही. रेगेच्या 'वन ड्रॉप' ठेक्यात किक पहिल्या मात्रेवर नसून तिसरीवर येते. बॉब मार्ली यांच्या वेलर्स बँडचे अ‍ॅस्टन बॅरेट ऐकताना किकशी जोडी शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही. तिथे बेसची स्वतःची चाल हाच ठेका असतो आणि बाकीचे तिच्यावर बसतात.

दुसरी फेरी: स्वर संपतो कुठे

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. आमच्या मते चांगला आणि थोर यातला फरक सर्वात स्पष्ट इथेच दिसतो, आणि वादात याच गोष्टीचं नाव कोणी घेत नाही.

स्वर कधी सुरू झाला ते सगळे ऐकतात. पण गिटारची तार आपली आपण वाजतच राहते, तिला थांबवावं लागतं. डाव्या हाताचं बोट फ्रेटवर किंचित सैल करून किंवा उजव्या हाताचं पुढचं बोट तारेवर टेकवून स्वर बंद करतात. डग्ग्यावरचं मनगट घुमारा जसा मोकळा सोडतं किंवा दाबतं, तसंच हे काम आहे. स्नेअरचा (ड्रमसेटमधल्या तडतडीत आवाजाच्या ड्रमचा) फटका पडतो त्याच क्षणी बेसचा स्वर थांबला तर स्नेअर मोठा आणि कोरडा ऐकू येतो, ड्रमरने काही वेगळं न करताही. तोच स्वर स्नेअरवरून पुढे ओघळला तर ठेका जड, चिखलात चालल्यासारखा होतो.

शीक या बँडच्या १९७९ मधल्या 'गुड टाइम्स' या गाण्यात बर्नार्ड एडवर्ड्स यांची ओळ घ्या. सुरुवातीला एकाच सुराचे तीन तुटक स्वर, मग रिकामी जागा, मग चढत जाणारी हालचाल. ओळ हातात असेल तर तीच दोनदा वाजवून पाहा, एकदा ते तीन स्वर तोडून आणि एकदा ओढून. स्वर तेच, लय तीच, पण दुसऱ्या वेळी कोणी नाचणार नाही.

आता याच्या अगदी उलट उदाहरण. १९६८ मध्ये स्टीव्ही वंडर यांच्या 'फॉर वन्स इन माय लाइफ' मध्ये जेमरसन जवळजवळ एकही बार (मात्रांचं एक आवर्तन) तसाच पुन्हा वाजवत नाहीत. ओळ सतत बोलत असते, तरी गायकाच्या वाटेत येत नाही. त्यांची वाद्याची मांडणी ऐकण्यासारखी आहे: १९६२ चा प्रिसिजन बेस, सपाट गुंडाळीच्या जाड ला बेला तारा, तारा फ्रेटबोर्डपासून बऱ्याच उंच, ब्रिजच्या (तारा खालच्या टोकाला टेकतात त्या भागाच्या) झाकणाखाली फोमचा तुकडा, आणि उजव्या हाताची फक्त तर्जनी. फोम आणि सपाट तारा स्वर लवकर विझवतात. म्हणूनच इतके स्वर वाजवूनही गर्दी होत नाही. तीच ओळ नव्या, चकचकीत, गोल गुंडाळीच्या (राउंडवूंड) तारांवर फोमशिवाय वाजवा, प्रत्येक स्वर आपल्या पुढच्याच्या अंगावर पडेल. बरेच जण इथेच फसतात: ओळ नोटेशनवरून बिनचूक बसवतात, आणि ती गाण्यात बसत का नाही ते त्यांना कळत नाही.

'कमी वाजवणारा थोर की जास्त वाजवणारा' हा वाद या दोन गाण्यांनंतर चालूच ठेवता येत नाही.

तिसरी फेरी: कॉर्डचं नाव बेस ठरवतो

कीबोर्डवर सा-ग-प दाबून ठेवा. बेसने सा दिला तर तो सरळ मेजर कॉर्ड. बेस ध वर गेला की कीबोर्डचं एकही बोट न हलता तोच कॉर्ड ध चा मायनर सेव्हन्थ होतो आणि गाण्यावर सावली येते. बेसने ग धरला तर मेजरच राहतो, पण अधांतरी, पुढे कुठेतरी जायचंय असा.

म्हणून प्रत्येक कॉर्डच्या पहिल्या मात्रेवर बेसने रूट (कॉर्डचा मूळ स्वर) दिला की दुसरं काही, हे कागदावर टिपा. नेहमी रूट देणारा वादक कमी दर्जाचा नसतो. पण रूट सोडला असेल तर का सोडला याचं उत्तर गाण्यात ऐकू आलं पाहिजे: चाल पायरी-पायरीने खाली उतरवायची होती, किंवा ध्रुवपद येईपर्यंत जमिनीवर टेकायचं नव्हतं. बीच बॉइजच्या १९६६ च्या 'पेट साउंड्स' अल्बममध्ये ब्रायन विल्सन यांनी बेस वारंवार रूटबाहेर ठेवला, आणि पॉल मॅकार्टनी यांनी त्याचा आपल्यावरचा प्रभाव उघडपणे सांगितला आहे. दोघांचे बेस लागोपाठ ऐकले की नातं कळतं.

चुकीची निवड ओळखायची खूण सोपी आहे. गायकाचा सूर अचानक किंचित उतरल्यासारखा वाटला, आणि बेस बंद करून ऐकल्यावर तो सुरात लागला, तर खाली बेसने भांडण लावलं होतं.

नाद

नादावर वाद सर्वात जास्त होतो आणि त्याचं वजन सर्वात कमी. गळ्याजवळ छेडलं की गोल, ब्रिजजवळ छेडलं की आवळलेला, टोकदार. पिकने (तार छेडायच्या छोट्या पट्टीने) वाजवणं हलकं, ही समजूत कॅरल के ऐकल्यावर टिकत नाही. त्या मूळच्या गिटारवादक, १९६३ मध्ये बेसकडे वळल्या, आणि लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत पिक व तारांवर फेल्ट लावून असंख्य ध्वनिमुद्रणं वाजवली.

फ्रेटलेस (फ्रेट नसलेल्या) बेसवर नादाआधी सूर तपासा. नेहमीच्या ३४ इंची बेसवर बाराव्या जागेपाशी बोट अडीच मिलिमीटर सरकलं की सूर दहा सेंटने (सेमिटोनच्या दहाव्या हिश्श्याने) हलतो. नटजवळ (गळ्याच्या वरच्या टोकाशी तारा टेकतात तिथे) तेवढ्याच चुकीला पाच मिलिमीटर लागतात. म्हणजे वर जावं तसं काम कठीण होतं. जॅको यांनी १९७६ च्या पहिल्या अल्बमची सुरुवात 'डॉना ली' ने केली, सोबतीला फक्त डॉन अलायस यांचे काँगा. कॉर्ड देणारं कोणी नाही, तरी मागचे कॉर्ड ऐकू येतात. वाद्याची भाषा वाढवणं म्हणजे काय, याचं याहून चांगलं उदाहरण क्वचित मिळेल. मात्र त्यांची साथ ऐकायची असेल तर वेदर रिपोर्ट या जॅझ-फ्यूजन बँडमधली त्यांची ध्वनिमुद्रणं घ्या.

मोजून पाहायचं असेल तर

ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर मोफत आहे. गाण्याच्या दोन प्रती करा. एकीवर लो-पास (फक्त खालचे स्वर ठेवणारा) फिल्टर २५० हर्ट्झ, उतार २४ डेसिबल. दुसरीवर हाय-पास (फक्त वरचे स्वर ठेवणारा), त्याच आकड्यांनी. पहिली प्रत बेस आणि किक देईल. दुसरी प्रत बेसशिवाय गाणं कसं कोसळतं किंवा कसं उभंच राहतं ते सांगेल, आणि खरी परीक्षा तीच. ओळ पकडता येत नसेल तर 'चेंज पिच' ने बारा सेमिटोन वर न्या, सगळं एका सप्तकात वर येऊन स्पष्ट होतं. हळू करायला 'चेंज टेम्पो' वापरा. 'चेंज स्पीड' ने सूरही उतरतो.

इथे तीन ठिकाणी फसगत होते. खालच्या स्वराची सुरुवात वेव्हफॉर्ममध्ये धूसर दिसते, कारण ४१ हर्ट्झची एक लहरच २४ मिलिसेकंदांची असते. सुरुवात मोजायला बोटाचा 'टिक' स्पेक्ट्रोग्राममध्ये (कोणत्या क्षणी कोणते स्वर आहेत ते दाखवणाऱ्या चित्रात) शोधा. दुसरं, वाद्यं वेगळी करणारी अ‍ॅप किकची शेपटी बेसमध्ये आणि बेसची सुरुवात किकमध्ये ढकलतात, त्यामुळे तशा ट्रॅकवरून स्वराची लांबी ठरवू नका. तिसरं, अलीकडची बरीच ध्वनिमुद्रणं संगणकावर ठरलेल्या मात्रांच्या ग्रिडला सरकवलेली असतात. त्यातली अचूक लय वादकाची आहे असं धरता येत नाही. त्याच वादकाचा मंचावरचा तुकडा शोधा.

आणि वाजतंय ते बेस गिटारच आहे ना, हेही पाहा. पार्लमेंट या फंक बँडच्या 'फ्लॅश लाइट' मधला बेस बर्नी वॉरेल यांनी मिनीमूग सिंथेसायझरवर वाजवलेला आहे. तो बेस गिटारवादकाच्या खात्यात टाकून झालेले वाद कमी नाहीत.

समोर बसलेल्या वादकाची परीक्षा

बँडसाठी माणूस निवडायचा असेल तर दहा मिनिटं पुरतात.

आधी ८० च्या लयीत एक साधी ओळ वाजवायला सांगा, पण मेट्रोनोम ४० वर ठेवा आणि टिक दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर धरायला सांगा. दोन मिनिटांनी मेट्रोनोम २० वर आणा, म्हणजे बारमध्ये एकच टिक. बहुतेकांची लय इथे पुढे पळते. मग दर आठव्या बारला एक फिल (ओळीतली रिकामी जागा भरणारा छोटा तुकडा) घ्यायला सांगा आणि फिलकडे लक्ष देऊ नका. त्याच्या नंतरची सम आणि पुढचा अख्खा बार ऐका. फिलच्या जोशात समेवर आधी पोचणं हा सर्वात सामान्य दोष आहे.

नंतर सरळ आठव्या हिश्श्याचे (मात्रेला दोन) स्वर तर्जनी-मध्यमा आलटूनपालटून वाजवायला लावा आणि ध्वनिमुद्रण करा. एक मोठा, एक छोटा अशी कंगव्यासारखी आकृती आली तर बोटं सारखी झालेली नाहीत. मध्येच "थांब" म्हणा. थांबल्यावर एखादी तार गुणगुणत राहिली तर म्यूटिंग (नको त्या तारा दाबून गप्प ठेवणं) कच्चं आहे: उजवा अंगठा ई आणि ए तारांवर सरकत नाही किंवा डाव्या हाताची मोकळी बोटं तारांवर टेकत नाहीत.

शेवटी गायकाला साथ करायला लावा आणि गायकाला गुपचूप सांगून ठेवा की एका कडव्यात आवाज एकदम खाली आणायचा. बेसवादक दोन बारांच्या आत खाली आला तर तो ऐकतोय.

गुण द्यायचेच असतील तर लय ३०, स्वराची लांबी आणि म्यूटिंग २५, स्वरांची निवड २०, इतरांना ऐकणं १५, नाद १०. प्रत्येकाने बोलण्याआधी आपले गुण लिहून टाकावेत. बोलणं आधी झालं की मोठ्या आवाजाच्या माणसाचे गुण सगळ्यांचे होतात.

वेग, स्लॅप आणि तारांची संख्या

वेग मोजायचा तर तो उरलेल्या गोष्टी शाबूत ठेवून मोजा. मुंबईच्या मोहिनी डे यांचा वेग थक्क करणारा आहे, पण त्यांच्या सोलोच्या जोडीला ए. आर. रहमान यांच्या मंचावरची त्यांची साथही ऐका. त्याशिवाय मत पूर्ण होत नाही.

स्लॅपला दिखाऊ म्हणणाऱ्यांनी त्याचा उगम बघावा. लॅरी ग्रॅहम आईच्या जोडीला वाजवत तेव्हा ड्रमर नव्हता. अंगठ्याचा ठोका किकच्या जागी आला, बोटाने ओढलेली तार स्नेअरच्या जागी. जिथे ड्रमर आधीच ती जागा भरतोय तिथे स्लॅप केला तर दोघंही तेच बोलतात. स्लॅप खटकतो तो बहुधा याच कारणाने. तारांच्या संख्येवर वेळ घालवू नका. कॉर्ड खाली न्यायची गरज असेल तर पाचवी तार हवी, एवढंच.

वाजवलं कोणी

नाव नक्की नसेल तर वाद थांबवा. मोटाऊन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीच्या तबकड्यांवर वादकांची नावं वर्षानुवर्षं नव्हती, त्यामुळे काही गाण्यांच्या बेसवर आजही दोन दावे आहेत. हिंदी चित्रपटसंगीतातही हेच झालं. आर. डी. बर्मन यांच्या ताफ्यात टोनी वाझ यांनी बेस गिटार वाजवला, पण तबकडीवर नाव संगीतकाराचं, गायकाचं आणि गीतकाराचं. अशा गाण्यांत ताफ्यातल्या वादकांच्या मुलाखती, स्टुडिओच्या नोंदी आणि मूळ मल्टिट्रॅक (वाद्यं वेगवेगळी नोंदलेलं ध्वनिमुद्रण) यांना ऐकीव माहितीपेक्षा जास्त मान द्या. पुरावा नसेल तर ते ध्वनिमुद्रण कोणाच्याच बाजूने मोजू नका, दुसरं निवडा.